पोर्टगॉर्मचे घरमालक

बुकित पंजांगमध्ये अकराव्या मजल्यावर राहून लोकरीचा स्वेटर घालणारा माणूस सगळ्या सिंगापुरात एकच असावा, आणि तो म्हणजे प्रफुल्ल खंडागळे. दर रविवारी सकाळी बेडरूमचा एसी सोळावर टाकायचा, दार लावून घ्यायचं, अंगात राखाडी रंगाचा जाडजूड स्वेटर चढवायचा आणि कॉम्प्युटरसमोर बसून पोर्टगॉर्मचं हवामान बघायचं, असा त्याचा नेम होता. तापमान सहा, पाऊस, वारा ताशी चाळीस मैल, असं काही दिसलं की त्याचा चेहरा खुलायचा. बायको प्रियदर्शिनी बाहेरून म्हणायची, "विजेचं बिल पण तिकडेच पाठव." ते त्याला ऐकू जायचं नाही, किंवा जात असेल तरी तो तसं दाखवत नसे.

पोर्टगॉर्म हे गाव स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला आहे. त्याच्यापुढे समुद्र, आणि समुद्रापुढे, प्रफुल्लच्याच शब्दांत सांगायचं तर, काही नाही. एक मोठा रस्ता, दोन चर्च, मासळीचा धक्का आणि दिवसातून दोनदा येणारी बस. १९९४ साली प्रफुल्ल तिथल्या किनाऱ्यावरच्या वीजप्रकल्पात इंजिनिअर म्हणून गेला, तेव्हा लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं होतं. गावात गोरे नसलेले ते दोघंच. ज्या दगडी घरात ते भाड्याने राहिले, तेच घर त्यांनी तीन वर्षांनी विकत घेतलं, कारण जुन्या मालकाला ते काढून टाकायचं होतं आणि त्या गावात घर घ्यायला दुसरं कोणी फिरकत नव्हतं. पुढे २००१ साली सिंगापूरची नोकरी आली. घर विकायचं ठरलं, पण प्रफुल्लच्याने विकवेना. मग डंकन नावाच्या तिथल्या एका एजंटाला हाताशी धरून त्याने ते भाड्याने द्यायला सुरुवात केली. सिंगापुरातली मराठी मित्रमंडळी तेव्हापासून त्याला 'संस्थानिक' म्हणत. स्वतः भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा आणि सात हजार मैलांवर घर राखणारा संस्थानिक.

थट्टा झाली तरी प्रफुल्लला ते नाव आवडायचं. कोणाकडे जेवायला गेलं आणि कोणी उकाड्याबद्दल एखादा शब्द काढला, की गाडी पोर्टगॉर्मला निघालीच. जून महिन्यात तिथे रात्री अकरापर्यंत उजेड असतो आणि पोरं अंगणात चेंडू खेळत असतात. थंडीत दोरीवर घातलेली पँट गोठते आणि स्वयंपाकघरात आणून ठेवली तर आपल्या पायावर उभी राहते. चुलाण्यात पीट नावाची माती जाळतात, तिचा वास कपड्यांना महिनाभर येतो आणि तो जावा असं कोणालाच वाटत नाही. ऐकणाऱ्यांना हे सगळं पाठ झालं होतं. आठवणीतलं पोर्टगॉर्म फारच गोड होतं, हे इथे सांगितलं पाहिजे. डिसेंबरात दुपारी तीन वाजता अंधार पडायचा आणि प्रियदर्शिनी खिडकीशी बसून मुक्यानं रडायची, ते त्या गोष्टींमध्ये कधी येत नसे. ती स्वतःही ते कधी काढत नसे. तो बोलू लागला की ती ताटं आवरता आवरता ऐकायची आणि मध्येच एखादं वाक्य दुरुस्त करायची, तेवढंच.

आणि पोर्टगॉर्म म्हटलं की फ्लोरा आलीच. त्या दगडी घराची एक भिंत शेजारच्या घराशी सामायिक होती, आणि भिंतीपलीकडे फ्लोरा नावाची विधवा बाई राहायची. आता ती ऐंशीला टेकलेली होती. प्रफुल्लचा स्वेटर तिनेच विणलेला. प्रियदर्शिनीला बसचं वेळापत्रक, कोळसा कोणाकडून घ्यायचा, मासळीवाला कुठल्या दिवशी ताजा माल आणतो, हे सगळं तिने शिकवलं, आणि उलट प्रियदर्शिनीने तिला भाकरी थापायला शिकवली, जी तिला कधीच जमली नाही. १९९६ च्या हिवाळ्यात प्रियदर्शिनीचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात गेलं. बर्फाने रस्ते बंद, दोघांचीही माणसं भारतात. तेव्हा फ्लोरा आपलं घर बंद करून अकरा दिवस त्यांच्याकडे येऊन राहिली. प्रियदर्शिनीला तिने न्हाऊ घातलं, केस विंचरले, चमच्याने सूप पाजलं, आणि प्रफुल्लला कामावर हाकलून दिलं. स्वतःच्या आईने याहून वेगळं काही केलं नसतं असं प्रफुल्ल म्हणायचा. दोन वर्षांनी एकताचा जन्म तिथेच झाला, तेव्हा तिला डॉक्टरनंतर पहिल्यांदा हातात घेतलं ते फ्लोराने. सिंगापूरला आल्यावरही तिची पत्रं चालू होती. निळ्या कागदावर, सरळ ओळीत, वर्षातून चार.

आता घरातल्या तिसऱ्या मोठ्या माणसाकडे वळू. प्रफुल्लचे वडील यादवराव बायको गेल्यापासून मुलाकडेच राहत होते. बहात्तर वर्षांचे, ताठ, सकाळी साडेपाचला आंघोळ करून तयार. आयुष्यभर तार ऑफिसात नोकरी केल्याने कोणी बोलायला लागलं की यांची बोटं नकळत शब्द मोजू लागायची. बुकित पंजांगची एलआरटी त्यांना अतोनात आवडायची. ती छोटी गाडी इमारतींच्या अगदी जवळून जाते, आणि घरं आली की तिच्या खिडक्यांच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात, म्हणजे प्रवाशांना कोणाच्या घरात डोकावता येऊ नये. यादवराव नुसते तेवढं बघायला दोन फेऱ्या मारून यायचे आणि म्हणायचे, "ही गाडी आपल्या गावाकडे न्यायला पाहिजे होती."

एकताच्या पहिल्या वाढदिवसाला ते पोर्टगॉर्मला जाऊन आले होते. घराच्या दगडी भिंतीवरून हात फिरवत ते बराच वेळ उभे राहिले होते, तो फोटो अजून आहे. त्यांच्या घराण्यात स्वतःच्या नावावर घर असलेला प्रफुल्ल हा पहिला माणूस. १९६१ साली यादवरावांची देशावरच्या एका तालुक्याच्या गावी बदली झाली, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि हातात सरकारी नोकरीचा कागद होता. खोली शोधायला ते सव्वा महिना फिरले. पाच वर्षांपूर्वी घरच्यांनी दीक्षा घेतली होती, धर्म बदलला होता, पण आडनाव तेच राहिलं होतं, आणि घरमालकांना आडनावावरून जे कळायचं ते कळायचंच. कोणी अंगावर आलं नाही, कोणी शिवी दिली नाही. आडनाव ऐकून माणूस क्षणभर थांबायचा आणि मग म्हणायचा, "जागा गेली हो कालच." सव्वा महिना ते तार ऑफिसच्या बाकावर झोपले.

म्हणून पोर्टगॉर्मचं घर भाड्याने द्यायचं ठरलं तेव्हा यादवरावांनी मुलाला एक अट घातली. भाडेकरूला नाव, गाव, जात, धर्म, मागचा मालक, पुढचा बेत, यातलं काहीही विचारायचं नाही. जागा हवी का आणि भाडं झेपेल का, एवढे दोनच प्रश्न. जो पहिला येईल त्याला घर. डंकनला हे कळवलं तेव्हा त्याचं उत्तर आठ दिवसांनी आलं, आणि ते फार सभ्य होतं. आपल्या तीस वर्षांच्या व्यवसायात जुन्या मालकाचं शिफारसपत्र नको म्हणणारा मालक आपण पाहिलेला नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. या अटीचे परिणाम व्हायचे ते झालेच. पहिला भाडेकरू बॅगपाइप शिकत होता आणि मधली भिंत सामायिक होती. दुसऱ्या बाईने स्वयंपाकघरात आजारी मेंढी ठेवली होती, दोन महिने. फ्लोराने पत्रात मेंढीबद्दल चार पानं लिहिली. प्रफुल्लने ती जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा सगळे हसून बेजार झाले आणि यादवराव म्हणाले, "मेंढी तर मेंढी. पहिली आली ना?"

२००६ साली तिकडे नवा कायदा आला. घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने आपली नोंदणी करायची, आणि मालक म्हणून आपण लायक आणि सालस माणूस आहोत असं अर्जात लिहून द्यायचं. यादवरावांनी तो फॉर्म दोनदा वाचला. "म्हणजे आता मालकाला विचारतात, की बाबा रे, तू माणूस म्हणून बरा आहेस का," ते म्हणाले. "चांगला कायदा आहे. थोडा उशिरा आला." फॉर्म त्यांनीच भरला, प्रफुल्लने फक्त सही केली.

त्याच वसंतात मेंढीवाली बाई घर सोडून गेली. घर तीन आठवडे रिकामं राहिलं आणि मग डंकनची ईमेल आली. एक कुटुंब आलं आहे, केटी नावाची बाई, नवरा पवनचक्क्यांच्या कामावर, दोन मुलं. भाडं देऊ शकतील, आगाऊसुद्धा देतील. पण घर देण्याआधी आपण आडनाव जरूर बघावं, असं त्याने लिहिलं होतं, आणि पुढे ते आडनाव. ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना त्यातून काही कळत नाही त्यांना त्याचा उपयोग नाही, आणि ज्यांना कळतं त्यांना ते कळायला नको.

प्रफुल्लला खरोखरच काही कळलं नाही. आडनावावरून काय समजायचं, असं त्याने भाबडेपणाने विचारलं. डंकनने एका ओळीचं उत्तर दिलं, की हे आपली जुनी शेजारीण जास्त चांगलं समजावून सांगेल. आणि शुक्रवारी फ्लोराचं पत्र आलं.

ती पत्रात नेहमीसारखी हवामानापासून सुरू झाली नव्हती. ही माणसं आपल्यातली नाहीत, असं तिने लिहिलं होतं. यांचे आईबाप रस्त्याकडेला पालं ठोकून राहायचे, भांड्यांना कल्हई करायचे, घोडे विकायचे, बटाटे काढायच्या हंगामात शेतावर यायचे आणि हंगाम संपला की त्यांना गावाबाहेर काढावं लागायचं. आता ते पक्क्या घरात राहतात म्हणे, पण आडनाव गावात सगळ्यांना माहीत आहे. उद्या अंगणात यांचे भाऊबंद गाड्या घेऊन येतील. मी एकटी बाई. मधली भिंत एकच. "मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, प्रफुल्ल. हे एक मागते. माझ्यासाठी."

पत्र वाचताना प्रफुल्लच्या डोळ्यांसमोर गावाकडचे घिसाडी आले, एरंडाच्या झाडाखाली भाता घेऊन बसलेले. एवढं त्याला स्पष्ट दिसलं, आणि तरीही त्याने ते बाजूला सारलं. कारण तिने खरंच कधी काही मागितलं नव्हतं. त्या अकरा दिवसांचं देणं आपण या जन्मी फेडणार नाही असं तो इतकी वर्षं म्हणत आला होता, आणि आता ते थोडंफार फेडायची वेळ आली तर आपण वडिलांची अट पुढे करायची? अट बॅगपाइपपुरती ठीक होती. फ्लोराला दुखवणं त्याच्याने होणार नव्हतं. ती पत्रं बंद झाली असती, तर त्याच्या पोर्टगॉर्ममध्ये उरलं काय असतं? वारा आणि एक रिकामं घर. घरात कोणाला काही न सांगता त्याने त्याच दिवशी डंकनला लिहिलं, की त्या बाईला कळवा, घर आधीच दुसऱ्या कोणाला दिलेलं आहे. तासाभरात उत्तर आलं, "शहाणपणाचा निर्णय." प्रफुल्लने ते वाचून लगेच काढून टाकलं.

याच सुमारास सिंगापुरातही त्यांच्यावर घर शोधायची वेळ आली होती. त्यांच्या फ्लॅटचा मालक फ्लॅट विकणार होता आणि महिन्याअखेर जागा सोडायची होती. फोन करायचं काम प्रियदर्शिनीकडे होतं. रविवारी जेवताना तिने सेरंगूनच्या एका फ्लॅटची हकिकत काढली. फोनवरच्या बाई आधी फार गोड बोलल्या, किती माणसं, मुलगी कुठल्या शाळेत, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "यू फ्रॉम विच कंट्री?" इंडिया म्हटल्यावर जरा गप्प झाल्या.

"आणि मग?" यादवरावांनी विचारलं.

"मग म्हणाल्या, 'ओह, सॉरी आह, जस्ट टेकन.' आणि काल पेपरात बघते तर तीच जाहिरात, तोच नंबर. मसाल्याचा वास येतो ना आपल्या घरांना."

यादवराव हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, प्रियदर्शिनीने पाणी दिलं. "पंचेचाळीस वर्षं झाली," ते डोळे पुसत म्हणाले, "देश बदलला, भाषा बदलली. पण वाक्य तेच. चांगलं वाक्य आहे, तारेत बसतं. दोन शब्द."

"आजोबा, व्हाय यू लाफ?" आठ वर्षांची एकता कपाळाला आठ्या घालून म्हणाली. "नॉट फनी लाह."

प्रफुल्लचा घास तोंडातच राहिला. त्याला वाटलं, आपणही हसावं, म्हणजे हे निभावून जाईल. त्याने प्रयत्नही केला. पण चेहऱ्यावर भलतंच काही उमटलं असावं, कारण प्रियदर्शिनी त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"बाबा, मी पण तेच लिहिलं," तो म्हणाला. "परवा. डंकनला."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. केटी, आडनाव, फ्लोराचं पत्र. सांगताना त्याची नजर ताटावरून हलली नाही. यादवरावांनी आपलं जेवण संपवलं, हात धुतले, चष्मा लावला आणि पत्र मागितलं. ते वाचत असताना त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती.

"बाईने जीव ओतून लिहिलंय," पत्राची घडी घालत ते म्हणाले.

"म्हणूनच तर मी..."

"मला नाही म्हणणारे कोण होते असं तुला वाटतं? राक्षस होते? एका गृहस्थांनी मला ओट्यावर बसवून ताक दिलं होतं. आईवडील काय करतात, पगार वेळेवर होतो का, सगळी आपुलकीने चौकशी केली. आडनाव सांगितल्यावर म्हणाले, जागा गेली, आणि वर म्हणाले, छत्री घेऊन जा, ऊन फार आहे. त्यांच्या शेजारीही एखादी एकटी बाई असेल. तिनेही त्यांना गळ घातली असेल. चांगलीच माणसं होती सगळी. वाईट माणसांनी नाही म्हटलं असतं तर मला इतकं लागलं नसतं."

प्रफुल्लने ताट बाजूला सारलं.

"आणि हे फ्लोराबाईसाठी केलं असं सांगू नकोस," यादवराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यात आता हसू नव्हतं. "तिच्यासाठी नाही केलंस. तुझ्या डोक्यात तिचं एक चित्र आहे, ते खराब होऊ नये म्हणून केलंस. त्याची किंमत त्या बाईने आणि तिच्या दोन पोरांनी का द्यायची?"

"मग मी काय करू?"

"मला का विचारतोस? घरमालक तू आहेस."

प्रफुल्लला शरम वाटली, आणि शरमेहून जास्त राग आला, वडिलांचा, फ्लोराचा, डंकनचा, त्या आडनावाचा. मग तो सगळा राग फिरून स्वतःवर येऊन बसला. आपण इतक्या सहजपणे ते वाक्य लिहिलं, लिहिताना हात अडखळलाही नाही, याचंच त्याला नवल वाटत राहिलं. सोमवारी ऑफिसात पोचल्यावर पहिलं काम त्याने ते केलं. डंकनला लिहिलं, की चूक माझी होती, घर रिकामं आहे, केटीला तिची मुलं घेऊन एक तारखेपासून येऊ द्या, आणि तिची क्षमा मी मागितली आहे असं सांगा. या वेळी डंकनच्या उत्तरात फक्त "जशी आपली इच्छा" एवढंच होतं.

राहिली फ्लोरा. तिला पत्राने कळवणं सोपं होतं, पण ते तोंड लपवणं झालं असतं. बुधवारी संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे तिथे सकाळचे अकरा, त्याने फोन लावला. प्रियदर्शिनी टेबलाशी बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होती. यादवराव आणि एकता खाली चक्कर मारायला गेले होते.

"फ्लोरा, घर मी त्यांनाच देतोय," तो म्हणाला. त्याने बरंच काही घोकून ठेवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं.

"माझं पत्र मिळालं ना तुला?"

"मिळालं."

"तरी?"

"तरी."

मग त्याने वडिलांची गोष्ट सांगितली. वाईट सांगितली, वर्षं मागेपुढे झाली, ताकाला इंग्रजी शब्द सापडेना. फ्लोराने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"तुझे वडील भले आहेत," ती म्हणाली. "माझ्याकडे चहाला आले होते, मला आठवतं. माझ्या नवऱ्याच्या फोटोसमोर हात जोडले होते त्यांनी." मग म्हणाली, "पोरा, तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. तुम्ही दोघं या गावात आलात तेव्हा त्या घराच्या मालकाने मला आधी विचारलं होतं. इंडियातलं जोडपं आहे, तुला चालेल का? भिंत एकच, म्हणून विचारलं. मी नको म्हटलं."

प्रफुल्लने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दोनदा विचारलं त्याने. दोन्ही वेळा मी नको म्हटलं. म्हटलं, मी एकटी बाई."

गावात आल्यावर सुरुवातीचे तीन आठवडे ते हॉटेलच्या माडीवरच्या खोलीत राहिले होते. घराचा बॉयलर दुरुस्त करतोय, असं मालक सांगायचा. किती काळजी घेणारा माणूस, असं प्रफुल्ल तेव्हा सगळ्यांना म्हणाला होता, आणि आजवर म्हणत होता.

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय. हिवाळा तोंडावर आला, त्याला दुसरं कोणी मिळालं नाही. तुम्ही आलात."

तिने माफी मागितली नाही, आणि त्याला ती नकोच होती. काय हवं होतं ते त्याला सांगता आलं नसतं. सात हजार मैलांवर कोणी तरी किटली उचलून पुन्हा ठेवल्याचा आवाज आला.

"पोरं केवढी आहेत त्यांची?" तिने विचारलं.

"एक सहा वर्षांचा, एक चार."

"बरं," फ्लोरा म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

प्रफुल्ल खुर्चीवर बसला. त्याला त्या घराचं दार, ती मधली भिंत, ते निळे कागद, सगळं डोळ्यांसमोर आणून बघावंसं वाटत होतं, आणि बघायची भीतीही वाटत होती. मग त्याने फ्लोराने जे सांगितलं ते प्रियदर्शिनीला जसंच्या तसं सांगितलं, बॉयलरसुद्धा. ती शेंगांचे दोर काढत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"हेच. बाळ गेलं ना, त्या हिवाळ्यात त्यांनी मला सांगितलं होतं. माझे केस विंचरत होत्या आणि एकदम रडायलाच लागल्या. म्हणाल्या, मी तुम्हाला या घरात येऊ देणार नव्हते. मीच मग त्यांची समजूत काढली."

"दहा वर्षं झाली त्याला. तू मला बोलली नाहीस."

प्रियदर्शिनीने निवडलेल्या शेंगा पातेल्यात सारल्या आणि त्याच्याकडे बघितलं.

"काय बोलणार?" ती म्हणाली. "तू सगळ्यांना इतक्या हौसेने सांगायचास. मला ते ऐकत बसायला आवडायचं."